पिसाने मासा पकडताना

वर्गात एक लहानशी स्पर्धा घेऊन पाहा. कोंबडीचे एकेक पीस मुलांना द्या आणि कोण ते सर्वांत लांब फेकतो ते मोजा. वर्गातला सर्वांत दणकट मुलगासुद्धा दोन-तीन मीटरच्या पुढे जाणार नाही. तोच मुलगा पिसाच्या जागी खडा घेऊन तो मैदानापलीकडे भिरकावतो. हवेचा विरोध दोघांनाही होतो, पण खड्याजवळ त्या विरोधाला पुरून उरेल एवढे वस्तुमान असते. पिसाजवळ ते नसते.

आता हेच पीस एका बारीक गळावर गुंडाळून पंधरा मीटर दूर, वाहत्या पाण्यात, एका ताटाएवढ्या जागेत टाकायचे आहे. शिवाय ते पडताना पाण्यावर आवाज होता कामा नये. इंद्रधनुषी ट्राउट पकडणारे हेच करतात. आम्हाला या माशात रस वाटला तो खरे तर या फेकण्यामुळे. शोधत गेलो तसे लक्षात आले की सातवी ते दहावीचे निम्मे पदार्थविज्ञान या एका छंदात गुंफलेले आहे.

आधी माशाची ओळख करून घेऊ. इंद्रधनुषी ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. अंगावर काळे ठिपके आणि कुशीवर लांबलचक गुलाबी पट्टा, त्यावरून हे नाव. त्याचे मूळ घर म्हणजे पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या उत्तर अमेरिकेतील नद्या आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचा रशियाचा कामचात्का द्वीपकल्प. त्याच्या शास्त्रीय नावाची गंमत आहे. कामचात्कातल्या माशाला १७९२ साली वालबाउम यांनी ‘मायकिस’ हे नाव दिले. पुढे १८३६ साली रिचर्डसन यांनी अमेरिकेतल्या माशाला ‘गेर्डनेरी’ म्हटले. दोन्ही मासे एकाच जातीचे आहेत हे पक्के झाल्यावर जुन्या नावाचा मान राखला गेला, आणि १९८९पासून तो ‘ऑन्कोऱ्हिंकस मायकिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

कॅलिफोर्नियात शास्ता या ज्वालामुखी पर्वताच्या थंड झऱ्यांवर वाढणारी मॅक्क्लाउड नावाची नदी आहे. तिच्या काठी १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी सरकारी मत्स्यबीज केंद्र काढले. ते होते सामन माशासाठी, पण लवकरच तिथून ट्राउटची अंडीही दूरदूर जाऊ लागली. हे केंद्र जिथे होते ती जागा आज शास्ता धरणाच्या पाण्याखाली आहे. कॅलिफोर्नियातूनच १८८३ साली हा मासा न्यूझीलंडला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो नीलगिरीत आणला. आज आपल्याकडे नीलगिरी, मुन्नार, हिमाचल, काश्मीर, सिक्कीम अशा ठिकाणी तो आहे. महाराष्ट्रात मात्र त्याचे जमण्यासारखे नाही. वीस अंशांच्या वर पाणी गेले की तो अस्वस्थ होतो आणि पंचवीस अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. आपले सह्याद्रीतले ओढे उन्हाळ्यात एक तर तापतात किंवा आटतात.

आता फेकण्याकडे वळू. कोकणात गरी टाकणारा माणूस दोरीच्या टोकाला शिसे बांधतो. शिसे पुढे जाते आणि दोरी त्याच्या मागे ओढली जाते. ट्राउटच्या गळाला हे चालत नाही, कारण ट्राउट पाण्यावर उतरणारे किडे खातो आणि शिसे बांधलेला किडा त्याने कधी पाहिलेला नसतो. पिसे, धागा, थोडी लोकर गुंडाळून गळाचाच किडा बनवतात. त्याला ‘माशी’ म्हणतात. या माशीचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकेही नसते. मग वजन आणायचे कुठून? उत्तर मोठे नामी आहे: वजन दोरीला द्यायचे. आतल्या दोऱ्यावर प्लास्टिकचे जाड आवरण चढवलेली ही खास दोरी असते आणि वजनाप्रमाणे तिला क्रमांक असतो. पाच नंबरच्या दोरीचे पुढचे तीस फूट, म्हणजे सुमारे नऊ मीटर, नऊ ग्रॅम भरतात. फेकायची असते ती ही दोरी. माशी तिच्याबरोबर फुकट प्रवास करते.

पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता. हाताने दिलेली गतिज ऊर्जा आसुडातून पुढे सरकते तसे हलणारे वस्तुमान कमी कमी होत जाते, म्हणून वेग वाढत जातो. टोकाचा वेग आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त होतो आणि ‘फट्’ असा कडाका ऐकू येतो. ट्राउटची दोरी आसुडाची बहीणच आहे. काठी पुढे आणून एकदम थांबवली की दोरीचा एक पदर काठीच्या टोकाशी स्थिर राहतो आणि दुसरा त्याच्यावरून पुढे धावतो. दोघांच्या मधला वळसा उलगडत पुढे जातो. फरक एवढाच की इथे कडाका नको असतो. म्हणून दोरीच्या पुढे अडीच-तीन मीटर लांबीचा, टोकाकडे बारीक होत जाणारा तंगूस जोडतात. उरलीसुरली ऊर्जा हवेच्या विरोधात संपते आणि माशी म्हाताऱ्या बाईच्या कापसासारखी अलगद उतरते.

नवशिका हमखास चुकतो ते मागच्या फेकीत. दोरी मागे पूर्ण उलगडून सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. घाई केली तर खरोखरच आसूड वाजतो आणि माशी तुटून कुठेतरी झुडपात जाते. हे शाळेच्या पटांगणावर करून पाहता येईल. सहा-सात मीटर जाड सुतळी घ्या, तिच्या टोकाला मीटरभर शिवणाचा दोरा आणि त्याला लोकरीचा गोंडा बांधा. गळ अर्थातच नको. दुसरे टोक एका लवचिक बांबूला बांधा आणि मुलांना हा वळसा काढायला सांगा. पहिल्या दहा मिनिटांत सुतळीच मुलांच्या अंगाभोवती गुंडाळली जाते, पण नंतर काहींना ते साधते.

काठी ही तरफच. झाडूसारखी तिसऱ्या प्रकारची. कोपर टेकू, मूठ बल लावणार आणि पावणेतीन मीटर दूर असलेले टोक भार उचलणार. या तरफेत बलाचा तोटा होतो आणि वेगाचा फायदा. फेकताना आपल्याला वेगच हवा असतो. मासा लागला की मात्र फासे उलटतात. टोकाशी मासा थोडेसे ओढतो तर मुठीला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. इथे काठीची लवचिकता मदतीला येते. वाकलेल्या काठीची परिणामी लांबी कमी होते आणि शिवाय ती स्प्रिंगसारखा हिसका पसरवून घेते. पूर्वी या काठ्या चिनी बांबूच्या सहा चिरफळ्या षटकोनी चिकटवून करत. नंतर काचतंतू आले आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतू.

हिसक्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तंगुसाच्या शेवटच्या बारीक तुकड्याची जाडी ‘एक्स’ क्रमांकात सांगतात आणि तिचे सूत्र मोठे गमतीचे आहे. अकरातून क्रमांक वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागांत येते. पाच एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटर. तो साधारण दोन किलो वजन पेलतो. मग तीन किलोचा मासा त्याने कसा निघतो? पाण्यात उत्प्लावक बलामुळे माशाचे वजन जवळजवळ शून्य असते. तंगूस तुटतो तो वजनाने नव्हे, संवेगात अचानक होणाऱ्या बदलाने. हा मासा पाण्याबाहेर उडी घेण्यात पटाईत. तो उडाला की अनुभवी माणूस काठीचे टोक चटकन खाली करून दोरी सैल सोडतो.

पण हे सगळे मासा गळाला लागल्यावर. त्याआधी त्याने आपल्याला पाहता कामा नये. विहिरीत बुडी मारून वर पाहणाऱ्या मुलांना माहीत असते की पाण्याखालून आकाश एका गोल खिडकीतून दिसते आणि भोवती नुसता आरसा असतो. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश. त्यामुळे वरचे सारे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आक्रसून बसते. मासा एक मीटर खोल असेल तर त्याची खिडकी सव्वादोन मीटर व्यासाची. तो तीस सेंटिमीटरवर आला तर ती जेमतेम अडुसष्ट सेंटिमीटरची. म्हणून उथळ असलेल्या माशाच्या अगदी जवळ माशी टाकावी लागते.

खिडकीच्या कडेला क्षितिजालगतच्या वस्तू चेपलेल्या आणि अंधुक दिसतात. खिडकीच्या कडेपासून दहा अंशांच्या आत जे असेल ते माशाला नीट दिसत नाही, असा एक व्यवहारी आडाखा आहे. त्रिकोणमिती शिकवणाऱ्यांनी मुलांना हे गणित घालावे. कडेपासून दहा मीटरवर उभ्या माणसाची उंची किती चालेल? दहा अंशांचे टॅन्जंट ०.१७६, म्हणजे एक मीटर ७६ सेंटिमीटर. पाच मीटरवर आलात तर ८८ सेंटिमीटर. तिथे गुडघ्यावर बसण्यावाचून गत्यंतर नाही. ट्राउटच्या मागावरची माणसे काठाकाठाने ओणवी चालताना दिसतात ती उगाच नव्हे.

बोलायला मात्र हरकत नाही. हवेतल्या आवाजाची हजारातील जेमतेम एक भाग ऊर्जा पाण्यात शिरते, बाकी परावर्तित होते. उलट काठावर पाय आपटला तर ती कंपने जमिनीतून थेट पाण्यात जातात आणि माशाच्या पार्श्वरेषेला आणि कानांना कळतात. गप्पा मारा, पण पाय जपून टाका.

मासा शोधायचा कुठे? विरोधी बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून भर प्रवाहात उभे राहणे माशाला परवडत नाही. तो दगडाच्या आडोशाला, तळालगतच्या संथ पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून राहतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहत येणारा घास झडप घालून टिपतो. मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त हवी, हा साधा जमाखर्च. त्याच्या पाठीमागे एक अरुंद आंधळा कोपरा असतो, म्हणून माणूस खालच्या अंगाने येतो.

आमच्या मते या साऱ्या कलेचे मर्म पुढच्या गोष्टीत आहे. खरा किडा पाण्याच्याच वेगाने वाहतो. माशी मात्र दोरीला बांधलेली असते, आणि दोरी पडलेली असते जलद आणि संथ अशा अनेक धारांवर आडवी. जलद धार दोरीला पोटाशी धरून पुढे नेते, दोरीची कमान होते आणि क्षणात माशी पाण्यावर रेघ ओढत खेचली जाते. रेघ ओढणारा किडा ट्राउट सहसा खात नाही. यावर उपाय म्हणजे कमान होण्याआधीच दोरी हलकेच उचलून वरच्या अंगाला उलटी टाकणे. तेवढ्याने माशीला चार-पाच सेकंदांचे स्वातंत्र्य मिळते. महागड्या काठीपेक्षा ही चार-पाच सेकंदे जास्त मासे देतात, असे जाणकार सांगतात आणि ते पटण्याजोगे आहे.

तंगूस नायलॉनचा असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५३, पाण्याचा १.३३. फ्लुओरोकार्बनचा १.४२, म्हणजे पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून तो कमी दिसतो. ग्लिसरीनमध्ये बुडवलेली बोरोसिलिकेट काचेची कांडी दिसेनाशी होते, तेच तत्त्व. तो पाण्यापेक्षा बराच जड असल्याने बुडणाऱ्या माशीला बरा. तरंगणारी माशी कोंबड्याच्या मानेवरच्या ताठ पिसांच्या टोकांवर उभी राहते, पाण्याच्या पृष्ठताणाच्या जोरावर.

अनेक नद्यांवर मासा पकडून पुन्हा सोडून देण्याचा नियम किंवा रिवाज आहे. हे ऐकून बरे वाटते, पण सोडलेला मासा जगतो का? फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ साली प्रयोगशाळेत याच जातीच्या माशांना दमेपर्यंत पळवले आणि बारा तासांनी मोजदाद केली. नुसते दमवलेल्यांपैकी ८८ टक्के जगले. दमवून तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. साठ सेकंद धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. हे मासे रक्त तपासण्यासाठी नळ्या बसवलेले होते, त्यामुळे नदीत मरण्याचे प्रमाण एवढे नसते. तरी दिशा स्पष्ट आहे. धडपडीत माशाच्या स्नायूंमध्ये ऑक्सिजनविना ऊर्जा वापरली जाते आणि आम्ल साचते. ते निस्तरायला ऑक्सिजन हवा, आणि नेमके तेव्हाच आपण त्याला फोटोसाठी हवेत धरतो. हवेत कल्ल्यांची नाजूक पाती एकमेकांना चिकटतात, आणि ऑक्सिजनने भरलेल्या हवेत मासा गुदमरतो.

पाणी तापलेले असेल तर दुहेरी मार. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, वीस अंशांना ९.१. उलट तापमानाबरोबर माशाची गरज मात्र वाढते. म्हणून जाणते लोक थर्मामीटर खिशात ठेवतात आणि पाणी वीस अंशांकडे जाऊ लागले की दोरी गुंडाळतात. गळाचा उलटा काटा ते पकडीने आधीच चेपून टाकतात, जाड तंगूस वापरून मासा लवकर आणतात आणि ओल्या हातांनी पाण्यातच गळ काढतात. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशीला वाट मिळते.

याला दुसरी बाजूही आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हा मासा आहे. त्याच कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडाच्या उंच तळ्यांत पूर्वी मासे नव्हतेच. धबधब्यांमुळे ते तिथे पोहोचू शकत नव्हते. छंदासाठी तिथे ट्राउट सोडले गेले. तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांचे भैरे बेडूक होण्याआधी दोन-तीन वर्षे पाण्यात काढतात, आणि हिवाळ्यात तळे गोठले तरी त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. ट्राउटने ते खाऊन टाकले. बुरशीच्या रोगानेही बेडूक मेले, पण ज्या तळ्यांतून जाळी लावून मासे काढले गेले, तिथे काही वर्षांत बेडकांची संख्या पुन्हा वाढली. म्हणजे एका नदीत जो मासा ओल्या हातांनी जपून सोडायचा, तोच काही मैलांवरच्या तळ्यातून जाळ्याने काढून टाकायचा.