टिग वेल्डिंग यंत्राची क्षमता

टिग वेल्डिंग ही टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि आरगॉनसारखा निष्क्रिय वायू यांच्या साहाय्याने धातू जोडण्याची पद्धत आहे. इलेक्ट्रोड व धातू यांच्यामध्ये विद्युत प्रज्योत निर्माण होते. तिच्या उष्णतेने जोडाच्या कडा वितळतात आणि वायूचे आवरण वितळलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवते. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. तिचे पेटंट १९४२ मध्ये मिळाले.

टिग यंत्राची क्षमता अँपिअरमध्ये सांगितली जाते. मात्र यंत्रावर ठळकपणे छापलेल्या कमाल आकड्यावरून त्याची उपयुक्तता ठरत नाही. जोडायचा धातू, त्याची जाडी, सलग कामाचा कालावधी आणि उपलब्ध वीजपुरवठा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

धातू आणि जाडी

साध्या पोलादासाठी दर मिलिमीटर जाडीस सुमारे ४० अँपिअर, असा स्थूल नियम आहे. त्यानुसार १.५ मिमी पत्र्यास सुमारे ६०, तर ३ मिमी पट्टीस सुमारे १२० अँपिअर धारा लागते. याहून बरीच जास्त जाडी असल्यास कडा तिरप्या घासून जोड अनेक थरांत भरतात. त्यामुळे तेथे हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. स्टेनलेस स्टील उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्यास काहीशी कमी धारा पुरते.

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तरीही त्यास पोलादापेक्षा अधिक धारा लागते, कारण ते उष्णता झपाट्याने वाहून नेते. ६ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमसाठी २०० अँपिअरचे यंत्र अनेकदा अपुरे पडते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर सुमारे २,०७० अंशांपर्यंत वितळत नाही. हा थर दूर करण्यासाठी सामान्यतः प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी, वापरतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या कामासाठी एसीची सोय असलेलेच यंत्र निवडावे लागते.

ड्यूटी सायकल

दहा मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र ठरावीक धारेवर चालू शकते, याचे शेकडा प्रमाण म्हणजे ड्यूटी सायकल. ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ या नोंदीचा अर्थ सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती असा होतो. हेच प्रमाण २० टक्के असल्यास काम केवळ दोन मिनिटे करता येते. उष्णतेच्या हिशेबाने पाहता पहिले यंत्र सुमारे १५५ अँपिअरवर अखंड चालू शकते, तर दुसरे सुमारे ९० अँपिअरवरच. दोन्हींवर २०० हाच आकडा छापलेला असला तरी त्यांची क्षमता समान नसते.

वीजपुरवठा

२०० अँपिअर धारेस टिग प्रज्योतीचा प्रमाणित दाब १८ व्होल्ट धरतात; म्हणजे ३.६ किलोवॉट शक्ती लागते. यंत्रात सुमारे २० टक्के शक्ती वाया जाते असे मानल्यास पुरवठ्यातून ४.५ किलोवॉट घ्यावी लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ही धारा सुमारे २० अँपिअर होते व शक्तिगुणक कमी असल्यास आणखी वाढते. भारतीय घरांतील मोठे सॉकेट १६ अँपिअरचे असते. त्यामुळे असे यंत्र पूर्ण क्षमतेने चालवण्यासाठी स्वतंत्र व जाड वायरिंग आवश्यक ठरते.

किमान धारा व टॉर्च

पातळ पत्र्यासाठी किमान धारा महत्त्वाची असते. ५ ते १० अँपिअरवर प्रज्योत स्थिर राहत नसल्यास अर्धा मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पडण्याचा संभव असतो. टॉर्चचीही मर्यादा असते. १५० अँपिअरचा हवेने थंड होणारा टॉर्च जोडल्यास यंत्राची त्यापुढील क्षमता वापरता येत नाही.

निवड करताना नेहमीच्या कामातील सर्वांत जाड भागास लागणारी धारा प्रथम काढावी आणि त्या धारेवरील ड्यूटी सायकल यंत्राच्या माहितीपट्टीवर पाहावी. क्वचितच येणाऱ्या जाड कामासाठी मोठे यंत्र घेण्यापेक्षा, रोजचे काम यंत्र न तापता पूर्ण होणे अधिक महत्त्वाचे असते.