फणीची फट आणि वस्तऱ्याची पाठ

मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेकाठचे तालुक्याचे गाव, मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक आणि वऱ्हाडातील कापसाच्या जुन्या बाजारपेठांपैकी एक आहे. अशा गावातील माणसाला फणीचे शास्त्र उलगडून सांगणे सोपे जाते, कारण जिनिंगच्या यंत्रात जे घडते तेच फणीतही घडते. जिनिंगमध्ये चामड्याचा फिरता रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, रुळाला टेकवलेल्या पोलादी पात्याखालून तंतू पलीकडे निघून जातात आणि सरकी मात्र त्या फटीत न मावल्यामुळे अलीकडेच गळून पडते. डोक्याचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, केसाला चिकटलेली लीख सुमारे ०.३ मिलिमीटर रुंद असते आणि उवा काढण्याच्या चांगल्या फणीच्या दोन दात्यांमधील अंतर ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवलेले असते. म्हणजे केस जावा आणि लीख अडावी, एवढाच हिशेब त्या फटीत मांडलेला असतो.

दाढी, केस, नखे आणि पाय यांची निगा राखणाऱ्या साधनांकडे पाहताना लक्ष सहसा धारेकडे जाते, कारण धार डोळ्यांना दिसते आणि बोटाला जाणवते. या साधनांच्या रचनेतील खरी कारागिरी मात्र बहुतेक वेळा धार आणि त्वचा यांच्यात किती अंतर राहावे, पाते कोणत्या कोनात टेकावे आणि काय निसटू द्यावे व काय अडवावे, या निर्णयांमध्ये असते. आणि हे निर्णय साधनाच्या आकारातच बसवलेले असल्यामुळे ते वापरणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत.

एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दाते असलेली लाकडी फणी महाराष्ट्रातील जुन्या घरांत आजही सापडते. विरळ बाजूने गुंता सोडवायचा आणि दाट बाजूने उवा-लिखा काढायच्या ही तिच्यातील विभागणी फार प्राचीन आहे. इस्रायलमधील लाखीश या उत्खननस्थळी २०१६ मध्ये जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक हस्तिदंती फणी मिळाली. तिला एका बाजूस सहा जाड आणि दुसऱ्या बाजूस चौदा बारीक दाते होते, आणि २०२२ मध्ये वाचल्या गेलेल्या तिच्यावरील कनानी लेखात केसांतील व दाढीतील उवा नाहीशा व्हाव्यात अशी इच्छा कोरलेली आहे. हा लेख सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा मानला जातो. परस्परांपासून इतक्या दूरच्या समाजांनी एकाच वस्तूची एकच रचना पक्की केली, यावरून केसाची जाडी आणि उवेचा आकार यांनी कारागिरांना फारसा पर्याय ठेवला नव्हता, असे म्हणता येते.

लाकडी फणीचा आणखी एक गुण वऱ्हाडातील कोरड्या हवेत विशेष उपयोगी पडतो. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला गेला की स्थिर विद्युतभार, म्हणजे जागेवर साठून राहणारी वीज, निर्माण होतो आणि समान भार असलेले केस एकमेकांना दूर ढकलून भुरभुरत राहतात. लाकूड हवेतील थोडा ओलावा धरून ठेवते, त्यामुळे त्यावर हा भार फारसा टिकत नाही. प्लॅस्टिकच्या स्वस्त कंगव्यात दुसरा दोषही असतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्रत्येक दात्याच्या कडेला एक बारीक उंचवटा राहतो. केसाचे बाह्य आवरण कौलांसारखे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे असते, या खवल्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात आणि तो उंचवटा त्यांना रोज थोडे थोडे खरवडतो. दात्यांची टोके गोल आणि कडा गुळगुळीत असणे हे म्हणूनच कंगव्याच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

न्हाव्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, पूर्वी वस्तरा, कात्री, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी आणि नखे काढण्याची नऱ्हाणी असा संच असे. या हत्यारांना मराठी मनात मानाचे स्थान आहे. संत सेना महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अभंगात आरसा हे विवेकाचे आणि चिमटा हे वैराग्याचे रूपक होऊन येतो. रचनेच्या दृष्टीने मात्र या संचातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू वस्तरा ही होय.

वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, केवळ मजबुतीसाठी असते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती धार लावताना मोजमापाचे काम करते. सुरीला धार लावणाऱ्याला ती दगडावर किती कलती धरायची हे हाताच्या सवयीने ठरवावे लागते, परंतु वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून साधारण १५ ते १८ अंशांचा कोन आपोआप साधला जातो. दगडावर घासताना धारेबरोबर पाठही झिजत असल्यामुळे वर्षानुवर्षे वापर होऊनही तो कोन फारसा बदलत नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना दिलेली पन्हळीसारखी खोलगट घडण धारेजवळचे पोलाद पातळ ठेवते आणि दगडावर घासावा लागणारा भाग कमी करते. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढला जातो, कारण धार पुढे ठेवली तर ती चामडे कापेल आणि स्वतःही वाकेल. अक्षरओळख नसलेल्या कारागिरालाही अंशांचा हिशेब अचूक साधता यावा, अशी सोय ज्या हत्याराने करून ठेवली, त्याचे श्रेय ते घडवणाऱ्या अनामिक लोहारांना द्यायलाच हवे.

आता सलूनमध्ये अर्धे पाते बसवण्याचा वस्तरा दिसतो. त्यामागे आरोग्याचे कारण आहे, कारण यकृतदाहाचे ब आणि क हे विषाणू रक्ताने दूषित झालेल्या पात्यातून एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि पाते दर वेळी बदलणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. हे पाते मुळात दाढीच्या रेझरसाठी केलेले असते. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत १९०४ मध्ये ज्या रेझरचे पेटंट मिळाले, त्याच्या दुधारी पात्याला तीन गोल भोके होती. १९३० च्या सुमारास हेन्री गाइस्मन यांच्या रचनेतून मधोमध लांब खाच असलेले पाते पुढे आले आणि ती खाच जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या यंत्रांत बसेल अशी असल्यामुळे जगभर रूढ झाली. त्या खाचेमुळे पात्याचे दोन अर्धे भाग फक्त दोन्ही टोकांना जोडलेले राहतात, म्हणून कागदासकट दुमडताच ते खटकन तुटते. एका पात्यातून दोन गिऱ्हाइकांची सोय करणाऱ्या सलूनवाल्याने ही खाच मूळ कल्पकाच्या मनात नसलेल्या कामाला लावली आहे.

रेझरमधले पाते सरळ नसते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केवळ ०.१ मिलिमीटर जाडीचे पोलाद सपाट ठेवले तर केसाला लागताच थरथरेल, म्हणून वरचे झाकण कमानदार केलेले असते आणि दांडा पिळून घट्ट केला की पाते त्या कमानीत वाकून ताठ होते. खालची कड त्वचेला धारेपुढे ताणून धरते. ही कड आणि धार यांच्यातील फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. ती वाढली तर कातडी फटीत फुगून कापली जाते आणि फारच कमी झाली तर केस धारेपर्यंत पोहोचत नाही.

पोलादापेक्षा केस सुमारे ५० पट मऊ असूनही पाते बोथट का होते, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दिले. धार सावकाश झिजून गोल होत नाही, तर लवचीक केस कापला जाताना वाकतो, धारेवर एका बाजूने ताण आणतो आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथे असमान असते तिथे तिचे सूक्ष्म कपचे उडतात, असे त्यांना आढळले. पाणी शोषलेला केस मऊ होऊन कमी जोराने कापला जातो, हे लक्षात घेतले की दाढीपूर्वी गाल भिजवून थोडा वेळ थांबण्याची सलूनमधील पद्धत किती योग्य आहे हे कळते.

कात्रीची रचना रेझरपेक्षा वेगळी आहे. तिची दोन्ही पाती एकमेकांपासून किंचित बाहेर वाकवलेली असतात, त्यामुळे मिटलेली चांगली कात्री उजेडासमोर धरली तर मध्ये बारीक चीर दिसते, आणि कापताना पाती फक्त एका सरकत्या बिंदूवर भेटतात. मुठीवरील आकडा करंगळी टेकवण्यासाठी असतो आणि त्याने दिवसभर काम करणाऱ्या हाताचा ताण वाटला जातो. केस कापण्याच्या मशीनमध्ये दात्यांच्या दोन पट्ट्या असतात; त्वचेला टेकणारी पट्टी स्थिर आणि कापणारी सरकती असते, आणि बाजूचा खटका दाबला की या दोहोंमधील अंतर बदलून केसांची लांबी बदलते.

नेलकटर ही दोन तरफांची जोडणी आहे. वरचा दांडा हाताचा जोर कित्येक पट वाढवून जबड्यांवर टाकतो, खालच्या दोन पट्ट्या स्प्रिंगसारख्या परत उघडतात, आणि वरचा दांडा अर्धा वळसा देऊन उलटवला की सगळी वस्तू खिशात मावेल इतकी चपटी होते. अमेरिकेतील विल्यम बॅसेट यांनी १९४७ च्या सुमारास ‘ट्रिम’ या नावाने केलेल्या नेलकटरमध्ये पट्ट्यांच्या मुळाशी दोन लहान उंचवटे घातले, जेणेकरून जबडे आडवे सरकून एकमेकांवरून घसरू नयेत. हाताच्या नखासाठी जबड्यांची धार आत वळलेली असते, परंतु पायाच्या अंगठ्याचे नख सरळच कापावे, कारण कोपरे गोल कापले की नख मांसात रुतण्याचा धोका वाढतो. पायासाठीच्या मोठ्या नेलकटरची धार बहुधा सरळ असते ती याच कारणाने.

काही वस्तूंचा उपयोगच त्यांतील एका भोकावरून ओळखावा लागतो. मलकापूरच्या दक्षिणेला, शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७० च्या दशकात झालेल्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला; इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही अशी मूर्ती मिळाली आहे. पाँपेईच्या मूर्तीला वरून उभे भोक असल्यामुळे काही अभ्यासकांनी ती आरशाची मूठ मानली, तर काहींच्या मते ती आसनाचा किंवा मेजाचा भाग होती.

अशा वस्तू जपल्या गेल्या तरच असे प्रश्न विचारता येतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या घरगुती वस्तूंमध्ये पाय घासण्याच्या पितळी वज्रीही आहेत. वज्रीचा तळ खरबरीत नक्षीचा असतो. उंचवटे टाचेची मृत त्वचा घासून काढतात, त्यांमधल्या चरांतून मळ व पाणी निघून जाते, आणि वर बसवलेला पक्षी किंवा प्राणी शोभेइतकाच ओल्या हातातून वज्री निसटू नये यासाठी असतो. काही वज्री पोकळ असून त्यांत खडे घातलेले असतात, त्यामुळे घासताना त्या वाजतात. केळकरांनी आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

वऱ्हाडातील घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या फणेरपेट्यांत अशा फण्या, वज्री आणि वस्तरे अजून पडलेले असतील. पितळेच्या भावाने ते मोडीत घालण्यापूर्वी घरातील वृद्धांना त्यांचा वापर विचारून लिहून ठेवावा, आणि शक्य असल्यास वस्तू जवळच्या शाळेच्या किंवा वस्तुसंग्रहालयाच्या हवाली करावी.