बिघडलेल्या नाकाची दुरुस्ती

“नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें” ही म्हण आपल्या घरांत सहज उच्चारली जाते. ज्या मुलीच्या कानांवर ती लहानपणापासून पडते, तिच्या मनांत ती कोठें जाऊन बसते याचा विचार आपण क्वचितच करतों. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गांवांतूनही आतां मुली पुण्यास शिकावयास व नोकरीस जातात, आणि पुण्यांत नाक सरळ करून देणारे दवाखाने आहेत. अशी एखादी मुलगी घरीं न सांगतां नाकावर शस्त्रक्रिया करवून घेते. पहिले कांहीं महिने सगळें सुजेखालीं झांकलेलें असतें. सूज उतरूं लागली म्हणजे दिसतें तें असें कीं, नाकाचा दांडा मध्येंच खचला आहे, शेंडा चिमटल्यासारखा झाला आहे, किंवा एका नाकपुडीनें धड श्वासही घेतां येत नाहीं. मग आजी कपाळाला हात लावते, काका “देवानें दिलेलें काय वाईट होतें?” असें विचारतात, आणि मुलगी माडीवरून खालीं येईनाशी होते. अशा घरानें पुढें काय करावें, हा या लेखाचा विषय आहे.

नाक दुरुस्त करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत तिचा विधि दिला आहे. झाडाचें पान नाकाच्या मापानें घ्यावें, त्या मापाचा कातड्याचा तुकडा गालावरून उचलून नाकाच्या खरवडलेल्या अवशेषावर बसवावा, आणि श्वासासाठीं आंत दोन नळ्या ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. त्यापुढील सूचना आपल्या विषयास अधिक जवळची आहे: नाक तोकडें राहिलें तर तें पुनः वाढविण्याचा यत्न करावा, मांस अधिक वाढलें तर तें समान करावें. पहिलें काम कधीं कधीं साधत नाहीं व दुसऱ्यांदा हात लावावा लागतो, हें सुश्रुतानें न संकोचतां लिहून ठेवलें आहे.

पुण्याजवळची हकीकत तर सव्वादोनशें वर्षांपूर्वींची आहे. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या युद्धांत कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी सैन्याबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें बारा महिने तो नाकावांचून राहिला, आणि नंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोन डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया होतांना पाहिली होती. तिचें वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या लंडन येथील ‘जंटलमन्स मॅगेझीन’ मध्यें छापलें गेलें. मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून त्याचा आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवून भोंवतीं रेघ ओढावयाची, तेवढें कातडें सोडवून दोन डोळ्यांमधील एक लहान पट्टी मात्र न कापतां ठेवावयाची, म्हणजे रक्त वाहतें राहतें. मग तें कातडें फिरवून खालीं आणून बसवावयाचें व वर पाण्यांत भिजविलेल्या काताच्या चिंध्या लावावयाच्या. चार दिवसांनंतर तुपाच्या पट्ट्या, आणि सुमारें २५ व्या दिवशीं ती जोडपट्टी कापावयाची. श्रीगोंदें ज्यांच्या जहागिरींत होतें ते महादजी शिंदे याच सुमारास पुण्यास येऊन राहिले होते. त्या वेळच्या पुण्यांतील थोरांचीं नांवें इतिहासांत राहिलीं; या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तीच पद्धति वापरली व १८१६ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्याचा पहिला रोगी एक लष्करी अधिकारी होता. यकृताच्या विकारावर घेतलेल्या पाऱ्यामुळें त्याचें नाक गेलें होतें. म्हणजे येथेंही उपचारानें बिघडलेलें नाकच दुरुस्त करावयाचें होतें.

पुण्याच्या कारागिरानें मेण केवळ मापासाठीं वापरलें. पुढें युरोपांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, पॅराफिनचें मेण सुईनें नाकाच्या आंत घालण्याची टूम निघाली. ग्लॅडिस डीकन या त्या काळीं रूपासाठीं गाजलेल्या अमेरिकन तरुणीनें बाविसाव्या वर्षाच्या सुमारास आपलें नाक ग्रीक पुतळ्यासारखें सरळ व्हावें म्हणून तें घालून घेतलें. तें मेण जागेवर राहिलें नाहीं, खालीं हनुवटीकडे सरकलें, आणि तिचा चेहरा जन्माचा बिघडला. पुढें ती मार्लबरोची डचेस झाली. तरी तें रूप परत आलें नाहीं.

आज साधनें पुष्कळ सुधारलीं आहेत. तथापि दुसरें काम पहिल्याहून कठीण असतें हें बदललेलें नाहीं. त्याचें मुख्य कारण असें कीं, पहिल्या शस्त्रक्रियेंत नाकाला आधार देणारी कूर्चा पुष्कळदां अधिक कापली गेलेली असते. ती दुसरीकडून आणावी लागते: नाकाच्या मधल्या पडद्यांतून, तेथें उरली नसेल तर कानाच्या वाटींतून, आणि आधार मोठा हवा असेल तर बरगडींतून. बरगडीची कूर्चा पुढें वांकण्याचा संभव असतो. पूर्वीं सिलिकॉनची पट्टी घातली असेल व ती कातडींतून बाहेर येऊं पाहत असेल, तर प्रथम ती काढावी लागते.

दुसरी गोष्ट धीराची. नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरण्यास वर्षभर व कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून दुसरी शस्त्रक्रिया सामान्यतः एक वर्ष लोटल्यावर करितात. याला अपवाद आहेत. ताप येऊन पू वाहूं लागला, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद होऊन ठणका लागला, अथवा ‘फिलर’ची सुई घेतल्यावर कातडी पांढरी किंवा काळसर पडली वा दृष्टि अंधुक झाली, तर एक तासही न दवडतां मोठ्या रुग्णालयांत जावें. तें औषध हायल्युरॉनिक आम्लाचें असल्यास तें विरघळविणारें दुसरें औषध मिळतें. पण तें वेळेवर दिलें गेलें पाहिजे.

डॉक्टरांकडे जातांना पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद व जुनीं छायाचित्रें बरोबर न्यावीं. काय काढलें व काय घातलें, हें त्या कागदांवरून कळतें. डॉक्टर प्लॅस्टिक सर्जरीचे अथवा कान-नाक-घशाचे पदवीधर आहेत काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंद आहे काय, अशीं बिघडलेलीं नाकें त्यांनीं किती दुरुस्त केलीं, आणि श्वास मोकळा होईल काय, हें स्पष्ट विचारावें. “अगदीं हवें तसें करून देतों” असें वचन देणाऱ्यापासून सावध राहावें. लग्नाचा मुहूर्त धरून शस्त्रक्रियेची तारीख तर कधींच मागूं नये. आणि इतरांस कांहीं दोष दिसत नसतां मुलगी तासन्‌तास आरशापुढें बसत असेल, तर पुनः शस्त्र लावण्यापूर्वीं मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शेवटीं वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति. वर्षभर थांबणें एकट्या मुलीच्यानें होत नाहीं. घर बरोबर असेल तरच तें होतें. तिला जेवावयास सर्वांच्या पंक्तीला बोलवावें, पाहुण्यांपुढें तिला लपवूं नये, आणि झालेल्या गोष्टीचा जाब रोज विचारूं नये. घरांत धाकट्या मुली असतील तर त्यांच्या कानांवर ती सतराशें विघ्नांची म्हण पडूं नये, एवढें तरी आपल्या हातीं खास आहे.