परदेशी प्रदर्शनाला निघताना दुकान कोणाच्या हवाली?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. या चपलांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे कंपनीने नंतर मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या दोन महामंडळांशी तिने करार केला. दोन हजार जोड इकडे बनवून घ्यायचे, आणि काही कारागिरांना इटलीतील प्रादाच्या अकादमीत थोड्या मुदतीसाठी शिकायला जाण्याची संधी द्यायची, असे त्यात ठरले. जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास राहील हे ऐकून अनेकांनी तोंडात बोट घातले. आम्हाला मात्र किमतीपेक्षा ते दुसरे कलम मोलाचे वाटते. आजवर कोल्हापूरचा माल परदेशी जात होता, माणूस इथेच राहत होता. मधला व्यापारी मुंबईत बसून दोन्हीकडचा भाव ठरवत होता. आता कारागिराने आणि लहान व्यापाऱ्याने स्वतः जायचे दिवस आले आहेत.

ही गोष्ट चपलेपुरतीच नाही. हुपरीची चांदी, शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतले कास्टिंग, इचलकरंजीचे कापड, शेजारच्या मिरजेच्या सतारी आणि तंबोरे, या सर्व धंद्यांत आपल्या समाजातील माणसे कुठे मालक, कुठे कारागीर, कुठे कच्च्या मालाचे व्यापारी म्हणून उभी आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, कोल्हापुरी चपलेला तो २०१९ मध्येच मिळाला आहे. बाहेरच्या बाजारात त्याची विचारणा होते.

परदेशी प्रदर्शनाला किंवा खरेदीदाराला भेटायला पहिल्यांदा निघणारा माणूस पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तीन गोष्टींच्या मागे लागतो. त्या लागतातच. पण पैसे आणि थोडी धावपळ केली की त्या मिळतात. अडते ते घरी. आपले बहुतेक धंदे एका माणसाच्या डोक्यावर चालतात. भाव त्याच्या डोक्यात, उधारी त्याच्या खिशातल्या डायरीत, किल्ली त्याच्या कमरेला आणि बँक त्याच्या मोबाइलमध्ये. तो बारा दिवस गेला की दुकानाचे शटर उघडे असूनही दुकान बंदच असते.

बँकेचेच पाहा. पैसे पाठवायचे तर ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, आणि मालक फोन खिशात घालून फ्रँकफर्टला. शनिवारी कारागिरांचा हप्ता द्यायचा असतो, चामड्याचा किंवा कोळशाचा व्यापारी दारात उभा असतो, आणि घरचा मुलगा रात्री दोन वाजता अब्बांना फोन करून सहा आकडे विचारत असतो. त्यातून इंटरनॅशनल रोमिंग चालू करायचे राहिले असेल तर ते सहा आकडेही येत नाहीत. खाते एकट्याच्या नावे असले तरी बँकेत मँडेटचा अर्ज देऊन घरच्या माणसाला ठराविक रकमेपर्यंत सहीचा अधिकार देता येतो. बँक सोडून इतर कामांसाठी वकिलाकडून मर्यादित मुदतीचे खास मुखत्यारपत्र करून घ्यावे. कुलमुखत्यारपत्र मात्र सहज कोणाला देऊ नये. बारा दिवसांच्या प्रवासासाठी आयुष्यभराची मालमत्ता दुसऱ्याच्या सहीवर टाकण्याचे कारण नाही. जीएसटीचे विवरण दर महिन्याला भरणाऱ्यांच्या दोन तारखा असतात, ११ आणि २०. यापैकी एक तारीख प्रवासात येत असेल तर बिले करसल्लागाराकडे निघण्यापूर्वीच पोचली पाहिजेत. विमानतळावरून बिलांचे फोटो पाठवणारे महाभाग आहेत, त्यांचा आदर्श घेऊ नये.

सगळ्यात अवघड काम उधारीच्या वहीचे. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, कोणाची अनामत आपल्याकडे पडून आहे, हे तारखेसह एका वहीत उतरवले पाहिजे. कुरआन शरीफमधील सर्वात मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे (सूरह बकरा, आयत २८२), हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि दुकानात येऊन ‘लिहायचं काय त्यात, आपलाच माणूस आहे’ म्हणतो. मक्का सोडून हिजरतला निघण्याच्या रात्री हुजूर पैगंबर (स.) यांनी लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. जिवावर बेतलेल्या त्या रात्रीही अमानतीची व्यवस्था राहिली नाही. आपल्याला तर दोन महिने आधी निघण्याची तारीख माहीत असते.

वसिय्यतनामा करून ठेवण्याचे नाव काढले की घरची माणसे दचकतात. त्याला आमचा इलाज नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आजही उभे आहे. प्रवास तेव्हापेक्षा फार सुखाचा झाला आहे, तरीही युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. परदेशी वकिलात जी काळजी घेते ती आपण आपल्या बायकामुलांसाठी घेऊ नये काय?

आता प्रश्न, वही कोणाच्या हाती द्यायची? साधारणपणे धाकट्या भावाला, नाहीतर साडूला किंवा शेजारच्या दुकानदाराला बोलावले जाते. आम्ही स्पष्टच विचारतो, घरातील बाई कुठे गेली? कोल्हापुरी चपलेच्या धंद्यात वेणी घालण्याचे आणि शिलाईचे काम मोठ्या प्रमाणात घरच्या बायका करतात. कोणत्या गिऱ्हाइकाचा जोड अडला आहे आणि कोणाचे पैसे थकले आहेत हे तिला बहुधा मालकापेक्षा अधिक पाठ असते. दुसऱ्या धंद्यांतही चित्र फार वेगळे नाही. बांगडीवाल्याची किंवा फळवाल्याची बायको सकाळचा भाव सांगू शकते. तिला फक्त सही नसते, खात्याचा आकडा ठाऊक नसतो आणि व्यापाऱ्यांशी फोनवर बोलण्याची मुभा नसते. हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापारी होत्या. त्या मक्केत राहून भांडवल लावत आणि विश्वासू माणसाकरवी माल शामच्या बाजारात पाठवत. आपले नबी (स.) त्यांचाच माल घेऊन त्या प्रवासाला गेले होते. हे सर्व जाणणाऱ्या समाजात बाईने चेकवर सही केली तर लोक काय म्हणतील, ही भीती कोठून आली?

हवाली करायचे तर निघण्याच्या आदल्या रात्री करून चालत नाही. निदान महिनाभर आधी आठवड्यातून दोन दिवस तिलाच किंवा मोठ्या मुलाला गल्ल्यावर बसवावे. हप्ता त्यांनी वाटावा, व्यापाऱ्याशी त्यांनी बोलावे, आणि आपण जवळ असूनही मध्ये पडू नये. चुका व्हायच्या त्या त्या महिन्यात होऊन जातात. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखणारा त्यांचा प्रसिद्ध हुकूम त्याच काळात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर गॅझेटात निघाला. राजा परदेशी होता म्हणून दरबाराचे कामकाज थांबले नव्हते. त्याच महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, हे वाचकांना सांगायला नकोच.

तारीख निवडताना घराचा विचार आधी करावा. फ्रँकफर्टचे अ‍ॅम्बिएन्टे प्रदर्शन फेब्रुवारीत भरते. मिलानचे मिकाम हे पादत्राणांचे प्रदर्शन वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२६ आणि २०२७ ही दोन्ही वर्षे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मुसाफिराला रोजे पुढे करण्याची सवलत आहे, पण दुकानाला नाही. चपला, कापड, अत्तर, बांगड्या विकणाऱ्याचा वर्षाचा गल्ला ईदच्या आधीच्या दहा दिवसांत जमतो. त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षाही असतात. त्यामानाने सप्टेंबर बरा. पावसाळ्यात चामडे वाळत नाही, चपलेचे काम आणि खप दोन्ही मंद असतात, तेव्हा कारखान्यातून उठणे सोपे जाते. अडचण एवढीच की त्याच दिवसांत हातात पैसाही नसतो. म्हणून सप्टेंबरच्या प्रवासाचे पैसे उन्हाळ्यातल्या लग्नसराईतच बाजूला काढले पाहिजेत. फौंड्रीवाल्यांसाठी ड्यूसेलडॉर्फचे गीफा प्रदर्शन चार वर्षांनी एकदा भरते. २०२३ नंतरचे २०२७ मध्ये आहे. त्यांना तारीख निवडायची सोय नाही, तयारीला वेळ मात्र भरपूर आहे.

कागदपत्रांत आपल्या लोकांची गाडी अडते ती नावावर. शाळेच्या दाखल्यावर महंमद, आधारवर मोहम्मद, पॅनवर नुसते ‘मोहद’, आणि आडनाव कधी शेख तर कधी जातधंद्याचे. इंग्रजी स्पेलिंगचे तर विचारूच नका. पासपोर्ट, पॅन, बँक खाते आणि आयात-निर्यात परवाना या चारही ठिकाणी एक-एक अक्षर सारखे असले पाहिजे. ज्यांच्या पासपोर्टवर आडनाव नाही, फक्त एकच नाव आहे, त्यांना नोव्हेंबर २०२२ पासून दुबई-अबुधाबीकडे पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळत नाही. ही दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाआधी तीच करावी. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. आयात-निर्यात परवाना म्हणजे आयईसी हल्ली पॅनच्याच आकड्याने मिळतो, फी ५०० रुपये. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत केली नाही तर तो निष्क्रिय होतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला असे समजतात. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला स्वतः जावे लागते, म्हणजे कामाचे एक-दोन दिवस गेले. बँकेचे उतारे दाखवावे लागतात. रोखीत धंदा करून खाते रिकामे ठेवणाऱ्याला येथे त्याची किंमत कळते. नोटांच्या रूपात परकीय चलन साधारणपणे एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येते. बाकीचे कार्डावर ठेवावे.

सौदीला जाणारे अनेकजण धंद्याबरोबर उमराही करून येण्याचा बेत करतात. कोणत्याही प्रकारच्या व्हिसावर आलेल्याला उमरा करता येतो असे सौदी सरकारने जाहीर केले आहे. त्यासाठी नुसुकवर परवाना काढावा लागतो. हजला मात्र ही सवलत नाही. उमऱ्याचे दिवस खरेदीदारांच्या भेटी संपल्यावर ठेवावेत, म्हणजे कोणत्याच कामात मन अर्धे राहत नाही.

मालाविषयी दोन शब्द. जगभरच्या कस्टममध्ये कोल्हापुरीच्या घडणीला स्वतंत्र खाते आहे, ६४०३.२०. चामड्याचा तळ, आणि पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे, असे त्याचे वर्णन आहे. बिलावर हा आकडा आणि चामडे कोणत्या जनावराचे ते स्वच्छ लिहावे. युरोपात चामड्यातील घातक क्रोमियमला, म्हणजे क्रोमियम सहाला, मे २०१५ पासून किलोला तीन मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या आपल्या चामड्याला हा नियम अडचणीचा नाही, उलट फायद्याचा आहे. पण तपासणीचा दाखला हातात नसेल तर खरेदीदाराने तोंडी शब्दावर का विश्वास ठेवावा? भाव सांगताना कोल्हापूरचा भाव सांगू नये. न्हावाशेवा बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च धरून, म्हणजे एफओबी, डॉलरमध्ये किंवा युरोत लिहून न्यावा. तो आकडा घरी मागे राहणाऱ्यालाही माहीत हवा, कारण खरेदीदाराचा पुढचा फोन कारखान्यावरच येतो.

प्रदर्शनाच्या जागाभाड्याचा आणि विमानभाड्याचा काही भाग सरकारी योजनांतून परत मिळू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि आपल्या मालाच्या निर्यात मंडळाचे सदस्यत्व आधी लागते. पैसे मिळालेच तर नंतर मिळतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये. नमुने जास्त असतील तर फिक्कीकडून एटीए कार्ने काढावे. त्यावर नमुने कर न भरता तात्पुरते नेता येतात. मात्र तेच नमुने परत आणावे लागतात, आणि जाताना, तिकडे उतरताना, तिकडून निघताना व मुंबईत परतल्यावर, असे चार ठिकाणी कस्टमचे शिक्के घ्यावे लागतात. मुंबईचा शेवटचा शिक्का घ्यायचे घराच्या ओढीने राहून जाते. बॅग घेऊन थेट महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठण्याआधी तो घ्यावा.