विमानाच्या टाकीत उसाची मळी

सभासद बंधूंनो, १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानाच्या इंधनात आपल्या उसाच्या मळीचा अंश होता. मळीचे अल्कोहोल, अल्कोहोलचे विमान-इंधन! आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी असे मिश्रण २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे.

“मग साहेब, लागण वाढवू का?” बांधावर हाच सवाल. आम्ही म्हणतो, घाई नको. साखर कमी पडेल म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनचे इथेनॉल एकाएकी बंद केले होते, विसरलात काय? आठवडाभराने थोडी सूट मिळाली, पण आसवन्यांची तारांबळ व्हायची ती झालीच. शिवाय एफ.आर.पी. साखर उताऱ्यावर ठरते, विमानावर नव्हे. क्षेत्र आहे तेवढेच ठेवा, एकरी टनेजचे बघू. मातीचे नमुने गट ऑफिसात आणून द्यावेत.