मेलोडिकाच्या नादी : ६
लाळ नव्हे, पाणी!

32 पट्ट्यांची घ्यावी की 37, हे आज सांगणार होतो. पण सांगलीच्या एका बाईंचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. त्यांची लेक रोज तासभर वाजवते आणि वाद्य उचललं की टेबलावर थेंब पडतात. ‘एवढी लाळ बरी का? डॉक्टरांना दाखवू?’ असं त्या विचारतात.

ताई, लेक ठणठणीत आहे. त्यात थोडी लाळ असेलही, पण बरंचसं पाणी श्वासातल्या वाफेचं. गार आरशावर ‘हा’ करून बघा. मेलोडिकाच्या पोटात पितळेची पाटी असते, तिच्यावर प्रत्येक सुराची एक पितळी जीभ. तोंडातली उबदार, ओली हवा या गार पितळेला लागली की तिचं पाणी होतं. पेटीवाल्यांना हा ताप नाही. त्यांचा भाता खोलीतली हवा ओढतो. माउथ ऑर्गनवाले मात्र दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य तळहातावर आपटतात, ते याचसाठी. हे घराण्याचंच दुखणं म्हणायचं, कारण 1950च्या दशकाच्या अखेरीस मेलोडिका बाजारात आणली ती जर्मनीतल्या माउथ ऑर्गनवाल्या होनरनंच.

आता मुद्द्याचं. जीभ आणि तिची खाच यांच्यात केसाएवढी फट असते. तिथे थेंब अडकला की जीभ हलत नाही. टोकाला नुसता चिकटला, तरी जड होऊन सूर उतरतो. एका कोजागिरीला गच्चीवर मी काळी एकमध्ये भावगीत धरलं. थंडी बरी होती, दुधाला अजून उकळी यायची होती. दुसऱ्या कडव्यात पंचम बसला. बसला म्हणजे पार मुका. मी पट्टी दाबतोय आणि आतून नुसती फुस्स. मंडळींना वाटलं, मी भावविवश होऊन थांबलो. टाळ्यासुद्धा पडल्या.

फुंकायच्या टोकाच्या विरुद्ध बाजूला पाणी काढायला एक छोटं बटण असतं. खाली फडकं धरायचं, बटणाकडचं टोक खाली करायचं, बटण दाबून, एकही पट्टी न दाबता, जोरात फुंकायचं. दर दोन-तीन गाण्यांनी एकदा, आणि पेटीत ठेवण्याआधी नक्की. थंडीच्या दिवसांत वाजवण्याआधी वाद्य थोडा वेळ शालीत गुंडाळून ठेवा. पितळ गार नसलं की पाणी कमी धरतं. नळी आणि तोंडाचा तुकडा धुवा, खुशाल धुवा. पण अख्खी मेलोडिका नळाखाली धरू नका, उन्हात वाळत घालू नका, हेअर ड्रायर तर नकोच. आणि वडापाव खाऊन चूळ न भरता फुंकणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. पाणी फुंकून निघतं, बेसनाचा कण निघत नाही.

32 की 37, ते पुढच्या आठवड्यात. तोवर दुकानाची पायरी चढू नका.