'ज्युबिली' : वेगळ्या बराकीतले संगीत

सैन्याला दारूगोळा लागतो तसे गाणेही लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धखात्याने हे नीट ओळखले होते. मे १९४२ मध्ये त्याने सैनिकांसाठी स्वतंत्र नभोवाणी सेवा उभी केली. कार्यक्रम लॉस एंजलिसला श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित होत, १६ इंची तबकड्यांवर उतरत आणि त्या तबकड्या जगभरच्या लष्करी केंद्रांकडे रवाना होत. यातला 'ज्युबिली' हा कार्यक्रम १९४२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तो काळ्या सैनिकांसाठी होता.

काळ्यांच्या साहित्यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. त्यांच्या संगीताचे सैन्याने काय केले, हेही पाहिले पाहिजे.

वेगळा कार्यक्रम का? कारण सगळेच वेगळे होते. पलटणी वेगळ्या, बराकी वेगळ्या, जेवणाच्या जागा वेगळ्या. दहा लाखांहून अधिक काळी माणसे त्या युद्धात सैन्यात गेली. त्यांतल्या बहुसंख्यांच्या वाट्याला बोजे उतरवणे, ट्रक हाकणे, रस्ते बांधणे, स्वयंपाक हीच कामे आली. रेडक्रॉस तर जखमींसाठी गोळा केलेले रक्तसुद्धा काळे-गोरे असे वेगळे ठेवी. विटाळाची ही कल्पना आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! १९४२ च्या फेब्रुवारीत 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने दुहेरी विजयाची मागणी केली: बाहेर फॅसिझमवर आणि घरात वर्णद्वेषावर. एवढ्या मोठ्या संख्येचा असंतोष युद्धकाळात परवडणारा नव्हता. मला जो अर्थ लागतो तो असा, की हक्क मागणाऱ्याला सरकारने वाद्यवृंद दिला.

पण वाद्यवृंद कुणाचे होते, हे विसरून चालणार नाही. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, लुई आर्मस्ट्राँग, लीना हॉर्न. अर्नी व्हिटमनचे निवेदन. १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे त्या दोन वर्षांतले या वादकांचे बरेचसे काम आज ऐकायला मिळते ते अशा लष्करी तबकड्यांमुळेच.

वर्गात मी यातले एक ध्वनिमुद्रण लावले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे गोऱ्यांनाही ऐकू जायचं का?" प्रश्न नेमका होता. जायचे. लहरींना बराकीची भिंत अडवत नाही, आणि गोरे सैनिकही हा कार्यक्रम आवडीने ऐकत. मात्र गाणे ऐकणारा गोरा जेवायला आपल्याच जागी जाई. कलेने माणसे आपोआप जवळ येतात, असे सांगणाऱ्या आपल्याकडच्या भाबड्या समन्वयवाद्यांनी हे ध्यानात घ्यावे. लीना हॉर्नने एका छावणीत पाहिले, की जर्मन युद्धकैद्यांना काळ्या सैनिकांच्या पुढे बसवले आहे. तिने तिथेच निषेध केला. कैदी शत्रूचा, पण गोरा! सैन्यातला भेद मोडण्याचा आदेश ट्रूमनने काढला तो २६ जुलै १९४८ ला, युद्ध संपून तीन वर्षे होत आली तेव्हा.

आणि लेस्टर यंग. बेसीच्या वाद्यवृंदातला हा सॅक्सोफोनवादक. १९४४ मध्ये त्याचे वादन 'ज्युबिली'च्या तबकड्यांवर उतरत होते. त्याच वर्षाच्या शरदात त्याला सक्तीने सैन्यात भरती केले गेले. ग्लेन मिलर, आर्टी शॉ या गोऱ्या वादकांच्या हाती सैन्याने अख्खे वाद्यवृंद दिले होते. यंगला लष्करी वाद्यवृंदात साधा शिरकावही मिळाला नाही. अलाबामातल्या छावणीत त्याच्याकडे गांजा आणि गोळ्या सापडल्या. १९४५ च्या सुरुवातीला लष्करी न्यायालयाने त्याला वर्षभराची कैद दिली. शेवटी अप्रतिष्ठेने त्याला सैन्यातून काढले. सुटल्यावर त्याने एक धून ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव 'डी. बी. ब्लूज'. डी. बी. ही त्या लष्करी तुरुंगाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.